पंगतीसमोरची धुई

२१ ऑक्टोबर

आज भिंत मिळाली, म्हणून ही वही विकत आणली. एरवी लिहून ठेवावं असं माझ्या आयुष्यात गेल्या काही वर्षांत काही घडलेलं नाही. आमच्या मुरुम गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या होत्या, त्या फ्लेक्सनं गिळल्या. मग शाळांच्या भिंतींवर पाढे आणि फळं काढत बसलो. निसर्गचित्रं काढतो ती घरी, कागदावर, आणि ती बघायला बायको उमाशिवाय कुणी नाही. तीही मागे लागल्यावर बघते.

उमरगा रस्त्याला शंकरप्पांचं नवं मंगल कार्यालय तयार होतंय. त्याच्या जेवणघराची समोरची आख्खी भिंत माझी. पहिलं कार्य त्यांच्याच मुलीचं, महेश्वरीचं. नोव्हेंबरात साखरपुडा, फेब्रुवारीत लग्न.

शंकरप्पांना झरा हवा होता. "झऱ्यात हंस सोड, मागं बर्फाचा डोंगर घे. जेवताना मानसाला थंड वाटलं पायजे."

मी म्हटलं, "अण्णा, आपल्याकडं हंस कुणी बघितलाय?"

"म्हणूनच काढायचा की! रोज बघतो ते कशाला काढायचं?"

महेश्वरीनंच वाचवलं. "अप्पा, हंस सगळ्यांच्याच कार्यालयात हायत. पेंटरकाकांना आपलं रान काढू द्या." लेकीपुढे बापाचं चालत नाही. शंकरप्पांनी हात वर केले.

माझे थोरले भाऊ शिवकुमारअण्णा यांनी मात्र मला बजावलंय. आमच्या घरचं भुसार दुकान तेच बघतात. "शंकरप्पाच्या लेकीच्या लग्नापर्यंत बघ. ह्यातनं चार कामं मिळाली तर ठीक, न्हायतर गादीवर येऊन बस. रंग फासणं पुरं झालं." गादीवर बसलो की माझ्यातला पेंटर संपला, हे मी इथं स्वच्छ लिहून ठेवतो. त्यामुळे ही भिंत साधली पाहिजे.

२४ ऑक्टोबर

काय काढायचं ते ठरलं. मागच्या वर्षी तुळजापूरहून एस.टी.नं येत होतो. सकाळची वेळ, बाहेर धुई, म्हणजे दाट धुकं. नळदुर्गच्या अलीकडं दोन्ही बाजूंना तुरी फुलोऱ्यात आल्या होत्या आणि ती पिवळी फुलं धुईत अर्धी बुडाली होती. काच पुसून पुसून बघत होतो. शेजारचा प्रवासी म्हणाला, बाहेर दिसत तर काहीच नाही. काहीच दिसत नव्हतं म्हणून तर बघत होतो!

निसर्गचित्रात झाड काढायचं नसतं, झाडाभोवतीची हवा काढायची असते. झाड कुणालाही काढता येतं. हवा आली की बघणाऱ्याला आधी काहीतरी वाटतं आणि मग काय आहे ते दिसतं. हे मी कित्येक वर्षं मनात बाळगून आहे. एवढ्या मोठ्या भिंतीवर ते करून बघायची संधी पहिल्यांदा आली.

उमाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "तुरीच्या फुलोऱ्यात धुई?" तिनं विचारलं.

"हो!"

"बघा बाई. तुमाला बरं वाटतंय नव्हं?"

तिला कलेत फारसा रस नाही, पण आडवीही येत नाही. तेवढं पुरे आहे.

४ नोव्हेंबर

काम झकास चाललंय. लांबचा बांध आणि कडुलिंबाची झाडं आधी काढली, मग पांढऱ्यात किंचित निळा आणि चिमूटभर माती-रंग मिसळून पातळ हात दिले. एक वाळला की दुसरा. स्पंजनं कडा मोडतो. मागचं झाड आता आहे की नाही अशा बेतात आलंय. पुढच्या तुरी मात्र गडद, ओल्या, फुलांनी वाकलेल्या. फुलांचा पिवळा जरा मळवला, तेव्हा ती ओली दिसायला लागली. पिवळा मळवायला धाडस लागतं. शंकरप्पा बघतील तर म्हणतील, रंग शिळा आहे का!

११ नोव्हेंबर

कार्यालयातला स्वयंपाक कोंडाबाई बघणार आहेत. आज त्या चुली लावून घ्यायला आल्या होत्या. हात पुसत आत आल्या आणि भिंतीपुढे उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कवापस्नं पडलीय हो ही?"

"काय?"

"धुई. आन् वारं न्हाय जनू. वारं असतं तर हालली असती." मग पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

मला नाचावंसं वाटलं. चित्रातल्या धुईला वारा नाही, हे एका बघणारीला आपण होऊन जाणवलं! मोठमोठ्या प्रदर्शनांत कुणी असं बोलत नसेल.

१५ नोव्हेंबर

उमाला घेऊन गेलो. पूर्ण झालेलं चित्र तिनं आजच पाहिलं. जवळ जाऊन पुढच्या ओळी निरखल्या. मग म्हणाली, "फुलोरा लई दाट दावलाय तुमी."

"आवडलं?"

"अवं, बघून पोटात कसंतरीच हुतंय."

"हेच! हेच मला पायजे हुतं!" मी तिला तिथल्या तिथं टाळीसाठी हात पुढे केला. तिनं दिली. परतीच्या वाटेवर तिनं तामलवाडीला माहेरी भावाला फोन लावला आणि तुरी कशा आहेत, औषध मारलं का, असलं काहीतरी विचारत बसली. आनंदाच्या दिवशी हिला तुरी सुचतात.

२२ नोव्हेंबर

साखरपुडा झाला. माझं चित्र पडलं.

नवरदेवाकडचे, येरमाळ्याचे पाहुणे आले, सगळे शेती असलेले लोक. मांडवात हसत-खिदळत होते. जेवणघरात आले आणि हळूहळू आवाज बसत गेला. शंकरप्पांच्या घरात बुफे चालत नाही, पाहुणा बसवूनच वाढायचा. पट्ट्यांवर पंगत बसली ती माझ्या भिंतीकडं तोंड करून. नवरदेवाच्या आजोबांनी दोन घास खाल्ले, वर बघितलं, ताट उचललं आणि उलट्या बाजूला तोंड करून बसले. त्यांचं बघून आणखी काही जण फिरले. बाकीचे मान खाली घालून जेवले. बोलणं चाललं होतं ते आभाळाचं, रोगाचं, गेल्या साली काय गेलं त्याचं. साखरपुड्यात! नुसते आवाज ऐकले असते तर बाहेरच्याला वाटलं असतं, कुणाच्या दहाव्याचं जेवण आहे. भराभर उठले सगळे. हुग्गी, आमची गव्हाची गोड खीर, पातेल्यात तशीच राहिली, आणि आमच्याकडं लग्नघरची हुग्गी कधी उरत नाही.

शंकरप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "पेंटर, हंस काढ म्हनलं हुतं. ऐकलास? लग्नाच्या आत भिंत धुवून चुना मारायचा."

२३ नोव्हेंबर

ह्या लोकांना हंसच पाहिजेत. प्लास्टिकची फुलं पाहिजेत. खरं दाखवलं की तोंड फिरवतात. मी कुणासाठी मरतोय? शिवकुमारअण्णा मुद्दाम गल्लीतून आले आणि नुसती मान हलवून पुढं गेले. ते मान हलवणं जास्त लागलं.

२८ नोव्हेंबर, तामलवाडी

मेव्हण्याचा, गुरुलिंगचा फोन आला की दोन दिवस धुई पडतेय, माणसं कमी आहेत, ताई येशील का. उमानं उभ्या उभ्या पिशवी भरली. मीही निघालो. मदत करायला नाही, खोटं कशाला लिहू. खरी धुई जवळून बघायची आणि माझ्या भिंतीवर एकही रंग चुकलेला नाही याची खात्री करून घ्यायची होती. सोबत चित्रांची वही आणि रंगपेटी घेतलीय.

२९ नोव्हेंबर, तामलवाडी

पहाटे रानात गेलो. धुई अशी की बांधावरचा माणूस आवाजावरूनच ओळखावा. पण कुणी बोलतच नव्हतं. गुरुलिंगनं वाऱ्याकडच्या बांधाला काडीकचरा पेटवून, धुई हटावी म्हणून धूर केला होता आणि सासूबाई, चन्नम्मा, त्यावर ओलं गवत टाकत होत्या. मी एका बाजूला वही उघडून बसलो. रंग माझ्या भिंतीवरचेच होते, तंतोतंत. मनात म्हटलं, बघा, म्हणे चुना मारा!

उमा आणि गुरुलिंग लांब दोरीची दोन टोकं धरून तुरीच्या शेंड्यांवरून ओढत चालले होते, फुलांवर साठलेलं दव झडून जावं म्हणून. एक पट्टा झाला की दुसरा. तेवढ्यात धूर विझायला लागला, सासूबाईंनी कानडीत इकडं ये म्हणून हाक मारली, "उमा, बा इल्ली!" उमानं दोरीचं टोक माझ्यापुढं धरलं.

"धरा."

वही गवतावर ठेवली आणि दोरी धरली. दोरी ओढली की पाणी अंगावर यायचं, आणि पाण्याबरोबर फुलं. पिवळी, टवटवीत, हिरव्या देठासकट, धुईनं गळाला आलेली. खाली सडा पडला होता आणि पुढं जायचं तर त्यावर पाय देऊनच जावं लागत होतं. मी थबकलो.

"थांबू नगा दाजी," पलीकडून गुरुलिंगचा आवाज आला. "गेली ती गेली. ऱ्हायल्याली तरी वाचवू."

त्या वेळी पोटात कसंतरीच झालं. वर्षाची तूर पायाखाली चाललीय आणि मी बांधावर बसून तिचा रंग जुळवत होतो. हीच धुई मी पाहुण्यांच्या ताटासमोर नेऊन ठेवली होती. ज्यांचं रान येरमाळ्यात अशाच धुईत उभं होतं, त्यांना म्हटलं, या, बसा, हे बघत बघत जेवा. ते आजोबा उलटे फिरले नसते तरच नवल.

आम्ही भुसारवाले. तूर आमच्या घरी पोत्यातून येते. तिचं फूल मी पाहिलं ते एस.टी.च्या काचेतून.

दुपारी उमाला म्हटलं, "मला बोलली का न्हाईस?"

"बोलले की. पोटात कसंतरी हुतंय म्हनले. तुमी म्हनला, हेच पायजे हुतं. मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग आनंदही झाला, तोही लिहून ठेवतो. कारण लोकांनी चित्राला नाव ठेवलं नव्हतं. ते चित्रातल्या धुईला भ्याले होते! भिंतीवर हवा आली होती. फक्त ती लग्नघरात नेण्यासारखी हवा नव्हती.

१२ डिसेंबर

कागदावर करून बघितलं. धुई काढून टाकली, लख्ख ऊन घातलं, फुलं चकचकीत पिवळी केली. किराणा दुकानाचं कॅलेंडर झालं. शंकरप्पांना फार आवडेल. मी ते फाडलं.

मग अर्धी धुई ठेवून बघितली, मागून सूर्य काढला. तेही नाटकी. सूर्य काढून वेळ मारून नेतोय हे दिसत होतं. दहा दिवस हेच चाललंय, आणि उमा चहा ठेवून निघून जाते.

२ जानेवारी

शिवकुमारअण्णांनी बोलावलं. तुरीची आवक सुरू झालीय, हाताखाली माणूस नाही. "नुसतं येऊन बस, सवय होईल." नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. उद्यापासून जातो.

६ जानेवारी

सापडलं!

सकाळी दुकानाच्या गादीवर बसलो होतो. बाहेर दाट धुई. मी दचकलोच. पण दारात तुरीच्या ट्रॉल्या उभ्या होत्या आणि शेतकरी पोत्यांवर बसून चहा पीत होते. एकानं दुसऱ्याच्या बायकोच्या हातच्या आमटीवरून चेष्टा केली आणि सगळे खो-खो हसले. समोरचा माणूस मला पांढरट डाग दिसत होता इतकी धुई होती, पण एकाच्याही कपाळावर आठी नाही. एक जण पाठमोरा बसला होता. घोंगडी खांद्यावरून घसरली होती आणि ती वर ओढायचीही त्याला घाई नव्हती.

तीच धुई, तोच रंग. फक्त आता तिनं गाळावं असं फूलच शेतात उरलं नव्हतं. तूर पोत्यात आली होती. मी लहानपणापासून दर वर्षी ह्या दारातून ही धुई बघत आलोय आणि तिची भीती कधी वाटली नाही, कारण आमच्या दारात ती नेहमी सुगीनंतरच यायची!

गादीवरून उठलो. शिवकुमारअण्णा म्हणाले, "कुठं निघालास?" मी म्हटलं, "भिंत धुवायला." ते समजले मी हार मानली, आणि मायेनं म्हणाले, "व्हय, मोकळा हो एकदाचा."

शंकरप्पांनाही तेच सांगितलं. "रंगाऱ्याला बोलवू नका अण्णा. माझं काम मीच मिटवतो." त्यांनी किल्ली दिली.

१९ जानेवारी

तूर कापतोय. खरंच, पुढच्या ओळीपासून एकेक ओळ काढत चाललोय आणि तिथं बुडखे ठेवतोय. फुलं झाकताना हात अडखळला, इतकी साधली होती. झाकली.

धुईला हात लावलेला नाही. मागचे लिंब, तो बांध, ती पातळ पांढरी हवा, सगळं जसंच्या तसं. मोकळ्या झालेल्या रानात खळं, ताडपत्री, तोंडं शिवलेली पोती, तुराट्यांची गंज. तीन दगडांची चूल मांडली, तिच्यावर चहाचं भगुलं. धूर सरळ वर जातो आणि धुईत मिसळतो.

४ फेब्रुवारी

पोत्यावरचा पाठमोरा माणूस आठ दिवस छळतोय. सुरुवातीला तो थकलेला दिसत होता, मग नुसता बसलेला. त्याच्या पाठीवरून कळलं पाहिजे की काम सरलंय. शेवटी एक खांदा जरा खाली घेतला, मान किंचित वाकडी केली, जणू शेजारचा काहीतरी सांगतोय आणि हा ऐकतोय. तेवढ्यानं झालं. चित्रात शेजारी कुणीही नाही, पण आहे असं वाटतं.

७ फेब्रुवारी

उद्या लग्न. शंकरप्पांनी आज जेवणघर उघडून बघितलं आणि ओरडले, "अरे! धुई तशीच ठेवलास की!"

"अण्णा, नीट बघा तरी."

"काय बघू? उद्या तेच पाहुने येनार, तेच म्हातारे! आता चुना मारला तर वाळायचा न्हाय." रागानं त्यांना दम लागला होता. "उद्या परत तसंच झालं तर परवा तुझ्या हातात चुन्याची बालदी देतो. आन् पुन्हा माझ्या दारात रंग घिऊन येऊ नगंस."

चूक झाली असली तर ती ह्या वेळी माझी एकट्याची, समजून-उमजून केलेली. परवापासून गादी.

९ फेब्रुवारी

काल लिहायला सवड नव्हती, आणि आज सगळं आठवून हसू येतंय.

अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात, कोंडाबाईंच्या मागं लपून. माणसं आत आली, बसली, वर बघितलं. आवाज बसला. साखरपुड्याला बसला होता तसाच. मी आणखी मागं सरकलो.

मग कुणीतरी म्हणालं, "खळं झालंय की."

"पोती शिवून ठिवलीत."

"हे तुळजापूरकडचं रान हाय. तिकडचे बांध असे असत्यात."

"ह्या! आमच्या येरमाळ्याच्या माळावरचं हाय हे. तो लिंब बघा, आमचाच!"

वाद पेटला. मुरुमकर म्हणाले माती बेन्नीतुरा नदीकाठची आहे, दुसरा कुणी भाकरी हातात धरून उठला आणि भिंतीजवळ जाऊन बांध दाखवायला लागला. पोत्यावरचा माणूस कोण यावरून बायकांच्या पंगतीत हशा पिकला. उमा त्यात होती. ती एका बाईला सांगत होती, "आमच्या गुरुलिंगची पाठ हाय ती!" नाही ती त्याची पाठ. मी मध्ये पडलो नाही.

वाढपी धावत होते. आमटी, भात, पुन्हा हुग्गी, पुन्हा तूप. पोटं भरली तरी कुणी उठेना. हात ताटातच वाळवत गप्पा चालल्या होत्या, कुणाच्या पोराचं लग्न करायचं, कुणाकडं मुलगी आहे. दुसरी पंगत दारात ताटकळत उभी, आणि तीही माना उंच करून भिंतच बघतेय! कोंडाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हुग्गी तळाला लागली!"

शंकरप्पा घामाघूम होऊन माझ्याकडं आले. "पेंटर, हे काय करून ठेवलंस? पंगत उठंना!" रागानं सुरुवात केली आणि शेवटी हसूच फुटलं त्यांना. मग गळ्यातल्या उपरण्याचा शेव डोळ्याला लावला. लेक सासरी जाणार म्हणून असेल. पण माझा हात काही त्यांनी सोडला नाही.

शिवकुमारअण्णा पंगतीत होते. मला म्हणाले, "शंकरप्पाचा साडू कार्यालय बांधतोय उमरग्यात. तुला इचारत हुता." मग भात कालवत म्हणाले, "दुकानात मी ठिवतो दुसरा मानूस."

नवरदेवाचे आजोबा पंगतीच्या मध्यावर, भिंतीकडं तोंड करून बसले होते. शंकरप्पा हात जोडून त्यांना म्हणाले, "अप्पा, मागची पंगत खोळंबलीय."

"उठतो की," आजोबा म्हणाले. "गडबड कशाची? रान मोकळं झालंय." मग त्यांनी विचारलं, "हे काढलं कुनी?"

शंकरप्पांनी मला पुढं ढकललं. आजोबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, पट्टीवर सरकून जागा केली आणि शेजारी हात थापटला. "या. जेवलाव का तुमी? बसा हितं."

ताट आलं. कोंडाबाईंनी पातेलं खरवडून उरलेली हुग्गी आणून वाढली, वर तुपाची धार सोडली. मी मांडी घातली, मान वर केली, आणि माझी भिंत पंगतीत बसून पहिल्यांदाच बघितली. पोट भरून जेवलो.